पेटाऱ्यापासून प्रस्तावापर्यंत: कोकणातल्या कलामंडळांसाठी अनुदानाची वाट

मागच्या श्रावणात कुडाळ तालुक्यातल्या एका गावात दशावताराचा, म्हणजे जत्रेत होणाऱ्या आपल्या लोकनाट्याचा, पेटारा उघडला तेव्हा मी तिथे होते. मखमलीच्या अंगरख्यावर पांढरी बुरशी धरली होती, जर काळी पडली होती, किरीटाचे दोन तुरे उडाले होते. पखवाजाच्या पुडीवरची शाई, म्हणजे काळा लेप, तडकलेली. मंडळात शिकवणाऱ्या नाईकांनी एकेक वस्तू देवळाच्या सभामंडपात वाळत घातली आणि मला विचारलं, "बाय, ह्येका कोण पैसे देतलो?"

खरं सांगायचं तर नुसत्या पेटाऱ्याला क्वचितच कोणी पैसे देतं. पण त्याच सभामंडपात आठवड्यातून दोन संध्याकाळी वीस मुलं बसून पखवाज शिकणार असतील, संवाद म्हणायला शिकणार असतील, तर त्यासाठी देणारे आहेत. मग त्या मुलांच्या निमित्ताने पखवाजाला शाई लागते, किरीट दुरुस्त होतो, आणि आयुष्यभर फुकट शिकवत आलेल्या नाईकांना मानधन मिळतं. काही वर्षं अशा मंडळांचे अर्ज लिहायला बसते आहे, त्यातून माझी खात्री झाली आहे की कार्यक्रमासाठी मागण्यापेक्षा शिकवण्यासाठी मागावं. पुढचं सगळं त्याच अंगाने लिहिलं आहे. दशावताराचं उदाहरण माझ्या जवळचं म्हणून जास्त येईल, पण नमन-खेळे आणि जाखडी या कोकणातल्या लोककला, भजन, गावची हौशी नाटकमंडळी, कोणालाही हेच लागू पडतं.

आधी शब्द नीट समजून घ्या

गावात आपण सगळ्यालाच "देणगी" म्हणतो. देणाऱ्याच्या लेखी मात्र तीन वेगळ्या गोष्टी असतात. देणगी म्हणजे विश्वासाने दिलेले पैसे, पावती दिली की बहुतेक वेळा विषय संपतो. प्रायोजकत्व म्हणजे जाहिरात, पडद्यावर दुकानाचं नाव येतं आणि त्या बदल्यात पैसे. अनुदान म्हणजे ठरलेल्या कामासाठी, ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या बाबींवर खर्च करायचे पैसे, आणि शेवटी त्याचा हिशेब व अहवाल. अनुदानाचे पैसे मंडळाचे नसतात, त्या कामाचे असतात. मुलांच्या वर्गासाठी आलेल्या रकमेतून स्पीकर घेतला, तर स्पीकर कितीही गरजेचा असला तरी तो नियमभंगच.

पहिली पायरी: आपण काय करतो ते वहीत उतरवा

अर्जाच्या आधी एक दोनशे पानी वही आणा. मंडळ कधीपासून आहे, कोणत्या जत्रांना जातं, किती कलाकार, त्यांची वयं काय, कोणाकडून कोण शिकलं, सध्या शिकणारं कोण आहे. शेवटच्या प्रश्नावर बहुतेक मंडळं गप्प होतात. तीच रिकामी ओळ तुमच्या प्रस्तावाचं कारण आहे.

जुने फोटो, जत्रेची पत्रकं, वर्तमानपत्रातली कात्रणं, मानपत्रं एका फायलीत लावा. कंपन्यांच्या निधीसाठी तर मागच्या तीन वर्षांच्या कामाचा पुरावा लागतोच, त्याबद्दल पुढे सांगते.

दशावताराची एक अडचण इथेच सांगून टाकते. देणारी संस्था हमखास विचारते, संहिता पाठवा. आपल्याकडे संहिता नसते. आख्यान ठरतं, कोण कोणती भूमिका करणार ते ठरतं, आणि संवाद रंगमंचावर उभे राहूनच सुचतात. आडदशावतारातला, म्हणजे खेळाच्या सुरुवातीच्या भागातला, संकासुर तर समोरच्या प्रेक्षकाला बघून बोलतो. हे लपवू नका. प्रस्तावात स्पष्ट लिहा की उत्स्फूर्त संवाद हेच या कलेचं कौशल्य आहे, मुलांना पुराणकथा, भाषा आणि हजरजबाबीपणा शिकवावा लागतो, आणि पाठांतराने हे येत नाही. असा परिच्छेद वाचून एका संस्थेच्या अधिकाऱ्यांनी स्वतः फोन करून आणखी माहिती विचारली होती.

दुसरी पायरी: नोंदणी, किंवा नोंदणी असलेला सोबती

अनुदान बहुधा नोंदणीकृत संस्थेलाच मिळतं. महाराष्ट्रात कलामंडळं साधारणपणे संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० या दोन कायद्यांखाली नोंदली जातात. संस्थेसाठी किमान सात सभासद लागतात. अर्ज धर्मादाय आयुक्तांच्या जिल्ह्यातल्या कार्यालयात जातो. सोबत उद्देश, नियमावली, कार्यकारिणीची यादी आणि जागेच्या पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो. उद्देशांत "कलेचं प्रशिक्षण व शिक्षण" हे शब्द आठवणीने घाला. नुसतं "उत्सव साजरे करणे" लिहिलेलं असलं की पुढे कलाशिक्षणासाठी मागताना अडतं.

नोंदणी झाली की काम संपत नाही. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. आपल्याकडे गणपतीत सभा होते, नवा अध्यक्ष निवडला जातो, हार घातला जातो आणि बदल अर्ज राहून जातो. पाच वर्षांनी एखादी संस्था कागद मागते तेव्हा नोंदवहीत वारलेल्या माणसाचं नाव अध्यक्ष म्हणून दिसतं.

आमचा पहिला अर्ज परत आला तोही अशाच कागदी कारणाने. नोंदणीपत्रावर मंडळाच्या नावाआधी "श्री" होतं, बँकेच्या पासबुकावर नव्हतं, आणि पॅनकार्डावर नावाचं इंग्रजी स्पेलिंग तिसरंच होतं. तिन्ही कागद समोरासमोर ठेवून एक एक अक्षर जुळवा. अर्ज भरण्याच्या आदल्या रात्री हे लक्षात आलं तर काही करता येत नाही.

मंडळ लहान असेल आणि नोंदणी झेपणारी नसेल, तर जबरदस्तीने संस्था काढू नका. गावातली शिक्षणसंस्था, वाचनालय किंवा गावचं मुंबईतलं नोंदणीकृत मंडळ यांच्याबरोबर लेखी करार करा. अर्ज त्यांच्या नावे, काम तुमचं. करारात दोन गोष्टी स्पष्ट हव्यात: पैसे आल्यावर किती दिवसांत कलाकारांपर्यंत पोचतील, आणि प्रसिद्धीत कलाकारांचं व मंडळाचं नाव कसं येईल.

तिसरी पायरी: कराचे कागद

प्राप्तिकराची दोन प्रमाणपत्रं सगळीकडे मागतात. एक संस्थेच्या उत्पन्नाला सूट देणारं, ज्याला सगळे "१२-ए" म्हणतात. दुसरं देणगीदाराला वजावट देणारं, म्हणजे "८०-जी". १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झाल्याने कलमांचे आकडे बदलले आहेत, पण बोलण्यात जुनीच नावं राहिली आहेत. तुमच्या सीएंना जुन्या नावाने विचारलंत तरी चालेल, अर्जात मात्र नवा आकडा त्यांच्याकडूनच लिहून घ्या. नव्या संस्थेला ही प्रमाणपत्रं आधी तात्पुरत्या मुदतीची मिळतात आणि मग नूतनीकरण करावं लागतं. ती तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लाल पेनाने लिहून ठेवा.

८०-जी असलं तरी दोन हजार रुपयांहून जास्त रोख देणगीवर देणगीदाराला वजावट मिळत नाही. त्यामुळे मोठी रक्कम नेहमी बँकेतून घ्या.

सरकारी योजनांसाठी नीती आयोगाच्या "एनजीओ दर्पण" पोर्टलवर नोंद करून क्रमांक घ्यावा लागतो. कंपन्यांकडे त्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीसाठी (सीएसआर) जायचं असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे "सीएसआर-१" हा अर्ज भरावा लागतो, हा नियम १ एप्रिल २०२१ पासून आहे. ही कामं सीएंकडून एकदाच करून घ्या.

चौथी पायरी: कोणाकडे मागायचं

सगळ्यात जवळचा देणारा म्हणजे चाकरमानी, मुंबईत नोकरीला गेलेला गावकरी. गिरणीच्या काळापासून परळ-लालबागच्या खोल्यांतून गावच्या देवळाला, शाळेला आणि नमनाला पैसे येत आले आहेत. ही रक्कम अनुदान म्हणून मागा, वर्गणी म्हणून नको. "जत्रेला मदत करा" या ऐवजी "एका मुलाचं वर्षभराचं शिकणं इतक्या रुपयांत होतं, तुम्ही दोन मुलांचं उचला" असं लिहा. शिवाय मंडळाच्या खात्यात ही लोकांची रक्कम दिसली की बाहेरची संस्था विश्वासाने पुढे येते.

आखातात किंवा परदेशात असलेल्या नातेवाइकांबाबत सावध राहा. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस दुबईतून स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देतो, ती विदेशी देणगी ठरत नाही. ज्याने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं आहे, त्याची मात्र ठरते, मग तो सख्खा चुलतभाऊ का असेना. विदेशी देणगीसाठी २०१० च्या कायद्याखाली वेगळी नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. ती नसेल तर नम्रपणे नाही म्हणा.

खासगी न्यास आणि प्रतिष्ठानांत बंगळूरची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही संस्था जरूर बघा. १९९३ साली ती स्थापन झाली आणि १९९५ पासून कलाक्षेत्रात अनुदानं देते. व्यक्तीलाही अर्ज करता येतो, आणि प्रस्ताव भारतीय भाषांत पाठवता येतो, म्हणजे मराठीतही. तिचा कलाशिक्षणाचा कार्यक्रम मुख्यतः कर्नाटकातल्या शाळांसाठी आहे. आपण संशोधनाचा किंवा कलानिर्मितीचा भाग बघावा, उदाहरणार्थ एखाद्या तालुक्यातल्या नमनाच्या गवळणींचं संकलन. टाटा ट्रस्ट्सच्या कामातही कला-संस्कृती हा विषय आहे, पण तिथे एकट्या गावापेक्षा चार-पाच मंडळं मिळून गेली तर बोलणं पुढे सरकतं, असं माझं मत आहे.

कंपन्यांचा सीएसआर निधी हा कोकणात मोठा आणि बराचसा न मागितलेला स्रोत आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. कायद्याच्या सातव्या अनुसूचीत पारंपरिक कलांचं संवर्धन आहे आणि शिक्षणही आहे. शिवाय कंपनीने आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं, असं त्याच कलमात म्हटलं आहे. किनाऱ्यावर बंदरं, वीजप्रकल्प, रसायन कारखाने आहेत, त्यांच्या आसपासच्या गावांनी हे वाक्य अर्जात वापरावं.

मात्र इथेच पुष्कळ अर्ज पडतात. एकदाच होणारे कार्यक्रम, पुरस्कार सोहळे, जाहिरातवजा प्रायोजकत्व हे सीएसआरमध्ये धरलं जात नाही, असं मंत्रालयाने स्पष्ट केलेलं आहे. "दशावतार महोत्सवासाठी दोन लाख" हा अर्ज अधिकाऱ्याला मनातून आवडला तरी तो मंजूर करू शकत नाही. "दहा महिन्यांचं दशावतार प्रशिक्षण, शेवटी मुलांचं सादरीकरण" हा अर्ज तो मंजूर करू शकतो. कंपनीने स्वतः काढलेल्या संस्थांखेरीज इतरांना अशा कामाचा तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, म्हणून पहिल्या पायरीची ती वही.

सरकारी बाजू थोडक्यात सांगते. राज्याचं सांस्कृतिक कार्य संचालनालय लोककला पथकांसाठी अनुदान आणि महोत्सव चालवतं. उदयपूरच्या पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्रात महाराष्ट्र येतो, त्या केंद्राकडे गुरु-शिष्य परंपरेची योजना असते. दिल्लीच्या सीसीआरटीची (सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्र) १० ते १४ वयाच्या मुलांसाठी कला शिष्यवृत्ती आहे, आणि परंपरेने कला करणाऱ्या घरांतल्या मुलांसाठी त्यात वेगळ्या जागा असतात. आपल्याकडे हे फार कमी घरांना माहीत आहे. नाईकांच्या नातवाचा अर्ज नक्की भरा.

पाचवी पायरी: अंदाजपत्रक, सगळ्यात जास्त वेळ याला द्या

देणारा माणूस प्रस्तावाचं शेवटचं पान आधी उघडतो. तिथे "किरकोळ खर्च २५,०००" असं दिसलं की बाकीचं वाचलं जात नाही. प्रत्येक आकड्यामागे गुणाकार दाखवा.

नमुन्यादाखल वीस मुलांचा, आठवड्यातून दोन असे चाळीस आठवड्यांत ऐंशी वर्ग धरू. गुरूंचं मानधन ८० वर्गांचं प्रत्येकी ६०० प्रमाणे ४८,०००. पेटीवाल्यांचं प्रत्येकी ३०० प्रमाणे २४,०००. मुलांचा खाऊ माणशी १५ रुपये धरून २४,०००. गुरूंच्या जाण्यायेण्याचे वर्गाला १०० प्रमाणे ८,०००. पखवाजांची दुरुस्ती आणि शाई ८,०००. झांजा आणि घुंगरू ६,०००. शेवटच्या सादरीकरणाचा मांडव आणि ध्वनी १२,०००. चित्रीकरण ५,०००, हिशेब तपासणी ५,०००. एकूण १,४०,०००. त्याखाली लोकवाटा लिहा: सभामंडप, वीज, गावच्या बायकांनी शिवून दिलेले कपडे. त्याचीही रुपयांत किंमत धरा.

यात गुरूंच्या मानधनावर कधीही कात्री लावू देऊ नका. आकडा कमी करा म्हटलं की मंडळी पहिल्यांदा तेच कापतात, कारण नाईक स्वतःच म्हणतात, "माका काय नको." ते म्हणतात हा त्यांचा मोठेपणा. पण शिकवण्याला मोल नाही असं मुलांनी पाहिलं तर उद्या शिकवायला कोणी बसणार नाही. मुलं कमी करा, मांडव लहान करा, मानधन ठेवा.

खाऊचा खर्चही टिकवा. सहा वाजता शाळेतून, कुणी तीन किलोमीटर चालत आलेलं मूल उपाशीपोटी "धा धा दिं ता, किट धा दिं ता, तिट कत गदि गन" म्हणू शकत नाही. मी त्या वर्गात बसले आहे. नाईक आधी पखवाजाच्या डाव्या पुडीला ओली कणीक थापतात, अंगठ्याने दाबून आवाज बघतात, मग एकेका मुलाचा पंजा धरून कुठे पडला पाहिजे ते दाखवतात. पहिले दोन महिने हातात पखवाज येतच नाही, टाळीवर आणि मांडीवरच बोल चालतात. प्रस्तावात हेही लिहा, नाहीतर तिसऱ्या महिन्यात भेटीला आलेला अधिकारी विचारतो, वाद्यं कुठे आहेत?

सहावी पायरी: कोकणाच्या वेळापत्रकाने चला

अनुदानाचं वर्ष एप्रिल ते मार्च. आपलं वर्ष वेगळं. जून-जुलैत भातलावणी, तेव्हा ना गुरू मोकळे ना मुलं. गणपतीत जाखडी. कार्तिकापासून वैशाखापर्यंत जत्रांत दशावतार, शिमग्यात नमन आणि पालखी. मधेच मुलांच्या परीक्षा. म्हणून दशावताराचे वर्ग लावणी आटपल्यावर जोरात घ्या, जत्रांच्या दिवसांत आठवड्याला एकच ठेवा, भरपाई मेमध्ये करा, आणि हे सगळं अर्जातच लिहा. पैसे बहुधा हप्त्यांत येतात, दुसरा हप्ता पहिल्याच्या अहवालानंतर. दोन हप्त्यांच्या मधले दोन-तीन महिने मानधन कशातून द्यायचं, ते आधीच ठरवा.

शाळेबरोबर काम करत असाल तर

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कलेला शिक्षणात गुंफायचं म्हटलं आहे, सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायचं म्हटलं आहे, आणि स्थानिक कलाकारांना शाळेत मार्गदर्शक म्हणून बोलवायचंही. तुमच्या मागणीला हा भक्कम आधार आहे. मुख्याध्यापकांचं पत्र आणि शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या. मुलांचे फोटो अहवालात जाणार असतील तर पालकांची लेखी संमती घ्या.

मुलींना घ्या. दशावतारात स्त्रीभूमिका पुरुषच करत आले आणि त्यांनी त्या अप्रतिम केल्या. पण वर्गात पखवाज मागणारी मुलगी दारात उभी असेल तर परंपरेच्या नावाने तिला परत पाठवू नये, असं मला मनापासून वाटतं.

नाव कोणाचं, पैसे कोणाचे

कुडाळजवळच्या पिंगुळीच्या ठाकर समाजाने चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची कला, आणि कळसूत्री बाहुल्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, त्याआधी अनेक वर्षं त्या घराने गुरांच्या गोठ्यात संग्रहालय उभं करून कला टिकवली होती. अशा कलेवर बाहेरची संस्था प्रकल्प आणते तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा: समितीत त्या समाजातलं कोण आहे? चित्रं, गाणी, चित्रीकरण यांचे हक्क कोणाकडे राहणार? उत्तर लेखी मिळालं नाही तर सही करू नका. पैशाची घाई असली तरी थांबा.

सातवी पायरी: पैसे आल्यावर

त्या अनुदानासाठी वेगळी रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, ठेवा, शक्यतो वेगळं खातंही. प्रत्येक खर्चाचं बिल, आणि मानधनाची सहीची पावती. अंगठा असला तरी चालतो, तारीख हवी. पावसाळ्यात कागद ओलसर होतात, शाई पसरते, म्हणून त्याच संध्याकाळी मोबाइलवर फोटो काढा.

हजेरीपट रोजचा ठेवा. पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्या, शेवटच्या आठवड्यात पुन्हा. ज्या मुलाला स्वतःचं नाव मोठ्याने सांगता येत नव्हतं ते मूल दहा महिन्यांनी नारद होऊन देवेंद्राला सुनावतं, हे दोन व्हिडिओ शेजारी ठेवले की वेगळं काही लिहावं लागत नाही. जी मुलं मधेच सोडून गेली त्यांची संख्या आणि कारणंही लिहा. मुंबईला बदली, शिकवणी, आजारपण, जे असेल ते. अशी कारणं नीट लिहिलेली दिसली की पुढच्या वर्षी वेळ किंवा जागा बदलण्यासाठी जास्त पैसे मागता येतात.

सरकारी अनुदानाला उपयोगिता प्रमाणपत्र लागतं, त्यावर सीएंची सही आणि शिक्का घ्या. शिल्लक रक्कम असेल तर स्वतःहून कळवा.

हिशेब गावालाही वाचून दाखवा, जत्रेच्या आधीच्या सभेत, सभामंडपात. नाईकांच्या शेजारी मुलांना बसवा आणि कोणत्या बाबीवर किती गेले ते सगळं मोठ्याने वाचा. आमच्या त्या गावात हिशेब वाचून झाल्यावर मागच्या रांगेतल्या एका आजींनी पदराची गाठ सोडून पन्नास रुपये पुढे केले, पखवाजाच्या शाईसाठी म्हणून. त्याची पावती फाडली आणि पुढच्या वर्षीच्या लोकवाट्यात तो पहिला आकडा लिहिला.